देवगिरीला आणलेली माणसं

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना राजांच्या सनावळ्या पाठ करून घेणं मान्य नव्हतं, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. एक माणूस धरा आणि तो नीट समजून घ्या, असा त्यांचा आग्रह असायचा. तोच धरून मी आज एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक. 1325 साली तो तख्तावर आला आणि 1351 साली सिंधमध्ये ठट्ट्याजवळ मेला. या सव्वीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात मोठं स्वप्न आपल्या मराठवाड्याच्या मातीत उभं राहिलं आणि इथेच मोडलं.

आपण लहानपणापासून त्याला 'वेडा मुहम्मद' म्हणत आलो. मला ते नाव मान्य नाही. वेड्याला दोष देता येत नाही, आणि या माणसाला दोष द्यायला हवा. तो अतिशय बुद्धिमान होता. तर्कशास्त्र, वैद्यक, गणित, फारसी काव्य यांत त्याची गती होती, हस्ताक्षर देखणं होतं. जिनप्रभसूरींसारख्या जैन आचार्यांना तो सन्मानाने दरबारात बोलावी आणि त्यांच्याशी चर्चा करी. त्याच्या प्रत्येक योजनेमागे एक विचार होता, आणि पुष्कळदा तो विचार चांगला होता. पण आपल्याला सुचलं तेच खरं, आणि ते ज्याला पटत नाही तो एक तर मूर्ख किंवा द्रोही, अशी त्याची पक्की खात्री होती. त्याच्या अहंकाराचं रूप हे असं होतं. दागदागिने, मेजवान्या, जनानखाना यांत तो अडकलेला दिसत नाही. त्याला स्वतःच्या बुद्धीची नशा होती, आणि मला ही नशा जास्त भयंकर वाटते.

काळ डोळ्यासमोर यावा म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्याच जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेव महाराजांचं जन्मस्थान, असं आपण मानतो. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. म्हणजे तुघलकाची जवळजवळ सगळी राजवट नामदेवांच्या हयातीत झाली. नामदेव लहान असताना देवगिरीवर यादवांचं राज्य होतं, औंढ्याचं नागनाथाचं देऊळ दिमाखात उभं होतं. त्यांच्या ऐन पंचविशीत, 1296 साली, अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. पुढे 1318 साली यादवांचा जावई हरपाळदेव याला हालहाल करून मारलं गेलं, आणि देवगिरी दिल्लीचा एक सुभा झाला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. त्यातल्या एका पदात सुलतान नामदेवांना मेलेली गाय जिवंत करायला सांगतो. पदात सुलतानाचं नाव नाही, पण काही परंपरा तो मुहम्मद तुघलकच होता असं मानतात. ते खरं असो वा नसो, लोकांना अशा प्रसंगासाठी हाच सुलतान आठवावा, यावरून त्याची लोकांतली प्रतिमा कळते.

आता देवगिरीकडे वळू. 1327 साली त्याने देवगिरीला राजधानी केली आणि दौलताबाद असं नाव दिलं. हा विचार चुकीचा होता का? माझ्या मते नव्हता. त्या वेळी दिल्लीचं राज्य वारंगळच्याही पुढे, पार दक्षिणेत मदुरैपर्यंत पोहोचलं होतं. एवढं राज्य दिल्लीत बसून चालवायचं तर दक्षिणेतल्या बंडाची बातमी पोहोचेपर्यंत बंड मोठं झालेलं असायचं. त्याला स्वतःला याचा अनुभव आला होता. राज्यावर येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने गुलबर्ग्याजवळच्या सगर इथे बंड केलं. तो कंपिलीच्या राजाकडे आश्रयाला गेला. कंपिलीचा राजा आश्रिताला सोडायला तयार झाला नाही. तो लढता लढता मेला. पुढे द्वारसमुद्राच्या बल्लाळाने मात्र गुर्शास्पला सुलतानाच्या हवाली केलं. सुलतानाने त्याची जिवंतपणी कातडी सोलवली, तिच्यात पेंढा भरून ती राज्यभर फिरवली. त्याचं मांस भाताबरोबर शिजवून त्याच्या बायकामुलांकडे पाठवलं, असं त्या काळचा प्रवासी इब्न बतूता लिहितो. त्याच सुमारास आपल्या कोंढाण्यावर, म्हणजे आजच्या सिंहगडावर, नाग नायक नावाचा कोळी सरदार आठ महिने सुलतानाच्या फौजेला दाद देत नव्हता.

तेव्हा दख्खनमध्ये बसून राज्य करावं, हे ठीक. पण ते केलं कसं? दरबार, फौज, कचेऱ्या हलवून तो थांबला नाही. दिल्लीतली नामवंत घराणी, उलेमा, सूफी, शायर, व्यापारी यांनी दौलताबादला जायचंच, असा हुकूम झाला. वाट चाळीस दिवसांची. रस्त्यावर झाडं लावली, मुक्कामाच्या जागा केल्या, दौलताबादला घरं बांधून दिली, घरांचे पैसे दिले. सोयीत कमी नव्हती. विचारलं मात्र कोणालाच नाही.

इसामी नावाचा एक कवी इतिहासकार होता. स्थलांतर झालं तेव्हा तो सोळा वर्षांचा. त्याचे आजोबा नव्वद वर्षांचे. त्यांनाही घराबाहेर काढलं. दिल्लीपासून पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, म्हातारा गेला. नातू दौलताबादला पोहोचला, इथेच वाढला. पुढे 1349-50 च्या सुमारास याच दौलताबादेत बसून त्याने 'फुतूह-उस्-सलातीन' हा फारसी ग्रंथ लिहिला. मुहम्मद तुघलकाचा इतका जळजळीत द्वेष दुसऱ्या कुठल्या समकालीन ग्रंथात नाही. इब्न बतूता तर सांगतो की दिल्लीत मागे राहिलेला एक आंधळा दौलताबादपर्यंत फरफटत नेला आणि त्याचा फक्त एक पाय पोहोचला. ही गोष्ट त्याने ऐकलेली आहे. तो स्वतः दिल्लीला पोहोचला 1334 साली. दिल्ली पूर्ण उजाड झाली हेही खरं नाही. दिल्ली परिसरात विक्रम संवत 1384 आणि 1385 चे, म्हणजे 1327-28 चे, संस्कृत शिलालेख सापडले आहेत आणि त्यांत शहराच्या भरभराटीचं वर्णन आहे. हलवली गेली ती मुख्यतः मुसलमान उमराव आणि विद्वान मंडळी. पण आंधळ्याची गोष्ट खोटी असली तरी ती सात-आठ वर्षांनंतरही दिल्लीत सांगितली जात होती, हे खरं आहे. राज्यकर्त्याविषयी लोक काय खरं मानायला तयार आहेत, ते अशा गोष्टींतून दिसतं.

मग तांब्याच्या नाण्यांचा प्रकार. 1329-30 च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीने घ्यावीत असा हुकूम केला. यातलीही काही नाणी दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांच्यावर आहे. तांब्याला चांदीची किंमत यावी म्हणून त्याला ईश्वराचा दाखला द्यावा लागला. चीनमध्ये त्या काळी कागदाचं चलन चालत होतं, कारण तिथे नोटांवरचे शिक्के आणि खोट्या नोटांची तपासणी सरकारच्या कडक हाताखाली होती. इराणमध्ये 1294 साली तब्रीझला कागदी चलन काढलं, ते लगेच बुडालं. म्हणजे चांगलं उदाहरणही समोर होतं आणि वाईटही. नक्कल होणार नाही अशी नाणी पाडायची व्यवस्था सुलतानाने केली नाही. हुकूम दिला म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. घरोघर नाणी पडू लागली. शेतसारा लोकांनी खोट्या नाण्यांत भरला. शेवटी त्याने नाणी मागे घेतली आणि तांबं घेऊन येईल त्याला चांदी दिली. खजिना रिकामा झाला आणि तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे ढीग लागले.

हा इतिहास लिहिणारा झियाउद्दीन बरनी सतरा वर्षं सुलतानाच्या खास बैठकीतला माणूस होता. म्हातारपणी, दारिद्र्यात, त्याने कबुली दिली आहे की आम्ही सुलतानासमोर खरं बोललो नाही, जिवाची आणि पैशाची भीती होती म्हणून. मला ही त्या ग्रंथातली सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. सुलतानाने खरं सांगणाऱ्यांची व्यवस्था आधीच लावली होती. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका सत्पुरुषाने त्याला जुलमी म्हटलं आणि तो शब्द मागे घ्यायला साफ नकार दिला. त्याचे हाल करून त्याला मारलं. इब्न बतूता त्या शेखच्या भेटीला गेला होता, एवढ्या कारणाने त्याच्यावर पहारा बसला आणि आता आपली पाळी या भीतीने तो उपास करत, जप करत बसला. याच इब्न बतूताने दुसरंही लिहून ठेवलंय. एका मुलाने काझीकडे तक्रार केली की सुलतानाने आपल्याला विनाकारण मारलं. सुलतान काझीसमोर हजर झाला, त्या मुलाच्या हातात छडी दिली आणि एकवीस फटके खाल्ले. त्याची टोपी खाली पडली. असा न्यायी आणि असा क्रूर माणूस एकच कसा, असं लोक विचारतात. मला यात विसंगती दिसत नाही. काझीपुढे उभं राहणं हे त्याने स्वतः ठरवलेलं होतं, त्यातही त्याचीच मर्जी होती. शेखने मात्र न विचारता सांगितलं, ते सहन झालं नाही.

इथे मला समोरच्या तरुणांना मुद्दाम सांगायचं आहे. या सुलतानाच्या छळाचा हिशेब एका धर्माच्या वहीत मांडू नका. त्याने मारलेले उलेमा, सय्यद, सूफी, सरदार मुसलमान होते. गंगा-यमुनेच्या दुआबात वाढीव सारा आणि दुष्काळ यांत सापडून रानात पळालेले, आणि रानातही शोधून मारलेले शेतकरी हिंदू होते. त्याला शिव्या देणारे बरनी, इसामी आणि इब्न बतूता हे तिघेही मुसलमान. आणि त्याच्या कारभारात हिंदू अधिकारी होते, याचा तर बरनीला रागच आहे. सुलतानाचा द्वेष सगळ्यांनी मिळून केला.

1335 साली मदुरैचं बंड मोडायला तो निघाला. वारंगळला फौजेत साथ पसरली, तो स्वतः आजारी पडून माघारी फिरला. वाटेत बीडजवळ त्याचा दात पडला, तो पुरून त्यावर त्याने कबर बांधवली, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. बीड भागात ती वास्तू आजही दाखवतात. मदुरै गेलं. वारंगळ गेलं. 1336 साली विजयनगर उभं राहिलं. ज्या दक्षिणेसाठी राजधानी हलवली होती ती दक्षिण दहा वर्षांत हातची निसटू लागली, आणि दिल्लीच्या लोकांना परत जायची परवानगी मिळाली. पुष्कळ गेले. पुष्कळ इथेच राहिले.

दौलताबाद मात्र शांत होतं, आणि त्याचं श्रेय एका माणसाला आहे. कुतलुग खान. सुलतानाचा लहानपणचा शिक्षक, आणि आता दख्खनचा सुभेदार. माणूस सौम्य, शब्दाचा पक्का. बिदरला नुसरत खानाने एक कोट टंक्यांचा वसूल देईन म्हणून मक्ता घेतला होता. तेवढा वसूल जमिनीतून निघणं शक्यच नव्हतं. मग त्यानेच बंड केलं. कुतलुग खानाने ते मोडलं. गुलबर्ग्याला अली शाहने बंड केलं, तेही त्यानेच मोडलं. इब्न बतूता त्याच्याच अमदानीत दौलताबादेतून गेला. नंदुरबारचे मराठे वैद्यकात आणि ज्योतिषात हुशार आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल एवढ्यावर राहतात, असं त्याने लिहिलंय. साडेसहाशे वर्षांहून जुनं आपल्या माणसांचं हे वर्णन वाचताना मला फार आनंद होतो.

मग कोणीतरी सुलतानाचे कान भरले की कुतलुग खानाची माणसं वसूल खातात. मरहट देशाचे चार शिक, म्हणजे विभाग, करायचे, नवे कडक अंमलदार नेमायचे आणि सहा-सात कोट टंके वसूल आणायचा, असं ठरलं. 1345 च्या सुमारास कुतलुग खानाला परत बोलावलं. तो निघाला तेव्हा दौलताबादचे लोक रडले, असं बरनी लिहितो. आणि एक गोष्ट बघा. कुतलुग खानाने जमवलेला खजिना दिल्लीला न्यायचा होता, पण माळव्याचे रस्ते धोक्याचे झाले होते. म्हणून तो देवगिरीच्या किल्ल्यातच ठेवावा लागला.

खेडोपाडी सुलतानाचा अंमल चालायचा तो 'सदा अमीर' नावाच्या अंमलदारांवर. सदा म्हणजे शंभर. साधारण शंभर गावांचा वसूल आणि बंदोबस्त एकेकाकडे. आपल्या या भागातल्या पाटील-कुळकर्ण्यांचा संबंध दिल्लीशी नव्हता, या अमीरांशी होता. यातले पुष्कळ अमीर अफगाण, तुर्क, मंगोल वंशाचे, तुघलकाच्या धोरणानेच दख्खनमध्ये रुजलेले. वसूल कमी येतो आणि बंडं होतात, या दोन्हीचं खापर सुलतानाने यांच्यावर फोडलं. माळव्याच्या सुभेदारीवर अझीझ खुम्मार नावाचा नवा माणूस नेमला. त्याने धारला ऐंशीहून जास्त सदा अमीर बोलावून घेतले आणि एकाच दिवशी त्यांची डोकी उडवली. सुलतानाने काय करावं? अझीझला मानाचा पोशाख पाठवला, घोडा पाठवला आणि दरबाऱ्यांना सांगितलं की त्याला अभिनंदनाची पत्रं लिहा.

बातमी गुजरातला पोहोचली, तिथले अमीर उठले. अझीझ त्यांच्यावर चालून गेला आणि मारला गेला. सुलतान स्वतः गुजरातेत आला, भडोचला थांबला. तिथून त्याने दौलताबादला दूत पाठवले की दीड हजार स्वार आणि तिथले नामांकित सदा अमीर माझ्याकडे पाठवा. धारला काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं. अमीर निघाले. पहिल्याच मुक्कामावर त्यांनी आपसात ठरवलं, सोबतच्या दूतांना मारलं आणि घोडे माघारी वळवले. दौलताबाद त्यांच्या हाती आलं. तो खजिना, जो दिल्लीला जाऊ शकला नव्हता, त्यांनी फोडला आणि शिपायांत वाटला. इस्माईल मुख नावाच्या वयस्कर अफगाण सरदाराला त्यांनी सुलतान केलं. हे 1346 साल.

मुहम्मद तुघलक दौलताबादवर आला. लढाई त्याने जिंकली, अगदी निखालस जिंकली. बंडखोर किल्ल्यात कोंडले गेले. तेवढ्यात गुजरातेत तगी नावाच्या माणसाने बंड केलं, आणि वेढा दुसऱ्यांवर सोपवून सुलतान तिकडे निघून गेला. इकडे बंडखोर अमीरांपैकी हसन गंगू याने बिदरजवळ सुलतानाच्या सेनापतीला मारलं, वेढा उठला, इस्माईलने राजीखुशीने बाजूला होऊन हसनला जागा दिली. 3 ऑगस्ट 1347 रोजी दौलताबादेत हसन अलाउद्दीन बहमनशाह म्हणून तख्तावर बसला. बहमनी राज्य सुरू झालं. ज्या शहराला मुहम्मद तुघलकाने सगळ्या हिंदुस्थानची राजधानी करायचं योजलं होतं, त्याच शहरात त्याच्याविरुद्ध राज्य स्थापन झालं, आणि ते करणारी माणसं त्याच्याच धोरणाने इथे वसलेली होती. इसामीला त्याचा ग्रंथ लिहायला आश्रय दिला तो याच बहमनशाहने.

दख्खनची ही बंडं पेटण्याआधीच्या वर्षांत, राज्य हातचं निसटत असताना, सुलतान काय करत होता? कैरोच्या अब्बासी खलिफाकडून मान्यतापत्र मिळवण्यात गुंतला होता. ते येईपर्यंत त्याने जुम्याची आणि ईदची सामुदायिक नमाजही बंद ठेवली होती. 1344 साली पत्र घेऊन दूत आला तेव्हा हा माणूस अनवाणी सामोरा गेला, दूताच्या पायांचं चुंबन घेतलं. नाण्यांवर ज्या खलिफाचं नाव घातलं होतं, तो 1340 सालीच वारला होता. प्रजेचा विश्वास गमावलेला राजा हजारो कोसांवरून कागद मागवतो आणि ज्याचं नाव मिरवतो तो माणूस आधीच मेलेला असतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, फार वाईट वाटतं.

गुजरातच्या मुक्कामात त्याने बरनीला विचारलं होतं, राज्याला रोग लागलाय, एक बरा केला की दुसरा उठतो. पूर्वीचे राजे अशा वेळी काय करीत? बरनीने भीत भीत सांगितलं, कोणी मुलाला गादी देऊन बाजूला होत, कोणी कारभार विश्वासू माणसांवर टाकीत. सुलतानाचं उत्तर असं की लोक सुधारेपर्यंत शिक्षा हेच माझं औषध. ते बंड करतात म्हणून मी मारतो, असं त्याला वाटत होतं. तो मारतो म्हणून ते बंड करतात, हे त्याच्या बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सांगायला एकही माणूस उरला नव्हता.

स्थलांतराचा सगळाच हिशेब तोट्याचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बुऱ्हानुद्दीन गरीब, कवी अमीर हसन सिजझी ही मंडळी त्याच लोंढ्याबरोबर दख्खनला आली आणि आज खुलदाबादला विसावली आहेत. उत्तरेतून आलेली बोली आणि आपली मराठी यांच्या शेजारातून दख्खनी भाषा घडली, ती आपल्या हिंगोली-परभणीच्या बाजारात आजही कानावर येते. सक्तीने आणलेल्या माणसांनी इथे घरं केली, पण ते यश त्या माणसांचं. सुलतानाच्या खाती ते जमा करायला मी तयार नाही.

1351 साली तगीचा पाठलाग करत सुलतान सिंधमध्ये होता. मासे खाल्ल्यावर ताप वाढला आणि 20 मार्चला तो गेला. चुलतभाऊ फिरोज गादीवर आला. फिरोजने एक गोष्ट केली, तिची नोंद त्याच्याच 'फुतूहात' नावाच्या लेखात आहे. मुहम्मदाने ज्यांना मारलं त्यांचे वारस, आणि ज्यांचे हात, पाय, नाक, डोळे घेतले ते लोक शोधून काढले, त्यांना भरपाई दिली, त्यांच्याकडून माफीची पत्रं साक्षीदारांसमोर लिहून घेतली आणि ती पेटीत घालून मेलेल्या सुलतानाच्या कबरीत उशाशी ठेवली. दख्खन परत जिंकायचं मात्र फिरोजने मनावर घेतलं नाही. कंपिलीच्या राजवंशाला, कोंढाण्याच्या नाग नायकाच्या माणसांना, धारला डोकी गेलेल्या अमीरांच्या दौलताबादमधल्या भाऊबंदांना माफी मागायला दिल्लीहून कोण येणार होतं? इथे आता गुलबर्ग्याच्या बहमनींचा अंमल होता, आणि सारा भरायचा कोणाकडे हे गावोगावच्या लोकांना नव्याने कळलं होतं.